साखरेचे बेट, सह्याद्रीचे रान

उज्जैनला देवास गेटच्या स्टेशन-बसस्थानकाचा गजबजाट मागे टाकून भैरवगडच्या अंगाने उत्तरेकडे निघाले, की काही मैलांवर क्षिप्रेकाठी कालियादेहचा महाल लागतो. माळव्याच्या सुलतानांनी नदीचे पाणी दगडी कुंडांतून खेळवून उन्हाळ्यासाठी ही थंड जागा करून घेतली होती. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत तिची पडझड झाली. १९२० साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी केली.

१६१७ च्या सुरुवातीला या कालियादेहला बादशहा जहांगीरचा मुक्काम पडला होता. इथून तो जदरूप नावाच्या एका संन्याशाच्या दर्शनाला गेला आणि त्या भेटीबद्दल त्याने आपल्या आठवणींत मोठ्या आदराने लिहून ठेवले. पण अजमेर सोडून बादशहा माळव्यात उतरला होता तो काही संन्याशासाठी नाही. त्याला पुढे मांडूला तळ द्यायचा होता, कारण दक्षिणेत एक माणूस मोगलांच्या फौजांना वर्षानुवर्षे दम खाऊ देत नव्हता. तो माणूस इथिओपियात जन्मला होता आणि पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला होता. जहांगीर त्याचा उल्लेख करताना त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या घालायचा. दरबारी चित्रकार अबुल हसन याने काढलेल्या एका चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोवलेल्या त्या माणसाच्या मस्तकाला बाण मारतो आहे. प्रत्यक्षात ते मस्तक मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. त्या माणसाचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरच्या मृत्यूनंतर सुमारे एकशे पासष्ट वर्षांनी, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आपल्या मालकांचे मळे पेटवले. बारा-तेरा वर्षे लढून त्यांनी फ्रान्सचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. गुलामांनी बंड करून स्वतःचे राज्य उभे केल्याचे जगाच्या इतिहासातले हे एकमेव यशस्वी उदाहरण.

दख्खनमध्ये गुलाम वजीर झाला, हैतीत त्याने मालकशाहीच उलथली, आणि आपल्या शेजारच्या गोव्यातून तो घाट चढून रानात नाहीसा झाला. माणसे एकाच खंडातली, विक्रीही तशीच, मग वाटा इतक्या निराळ्या का झाल्या? या प्रकरणात त्याचा शोध घेऊ.

पाच लाखांचे बेट

कोलंबस १४९२ साली ज्या बेटावर उतरला त्याला स्पॅनिश लोकांनी हिस्पानिओला म्हटले. तिथले मूळ ताइनो लोक सक्तमजुरीने आणि युरोपातून आलेल्या साथींनी दोन पिढ्यांत जवळजवळ संपले. बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा १६९७ च्या तहाने फ्रान्सकडे गेला. त्याचे नाव सँ-दोमिंग. पुढच्या शंभर वर्षांत ही जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत झाली. १७८० च्या दशकात युरोपात खपणाऱ्या साखरेचा सुमारे ४० टक्के आणि कॉफीचा निम्म्याहून अधिक भाग एवढ्याशा प्रदेशातून येत होता.

ऊस म्हणजे काय काम असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. तोडलेला ऊस थांबत नाही, तो वेळेत गाळला नाही तर रस उतरतो. त्यामुळे हंगामात चरक आणि काहिली रात्रंदिवस चालू राहतात. सँ-दोमिंगमध्ये या कामाला मजूर नव्हते, गुलाम होते. दिवसभर तोडणी, रात्री चरकावर पाळी. झोपेच्या गुंगीत चरकात हात गेला तर तो तोडून माणूस सोडवायला कुऱ्हाड जवळच ठेवलेली असे. गुलामांना जगवण्यापेक्षा मेलेल्याच्या जागी नवा विकत घेणे मालकांना स्वस्त पडत होते. म्हणून जहाजे येतच राहिली. १७८९ च्या सुमारास वसाहतीत पाच लाखांच्या घरात गुलाम होते. त्यांच्यासमोर गोरे होते तीस-चाळीस हजार आणि जवळपास तेवढेच मिश्रवंशीय किंवा मुक्त झालेले काळे. गुलामांपैकी बहुसंख्य तर आफ्रिकेतच जन्मलेले होते. त्यांना आपले गाव, आपले देव आणि आपले स्वातंत्र्य आठवत होते. कोंगोच्या यादवी युद्धांत लढून कैद झालेले सैनिकही त्यांच्यात पुष्कळ होते.

मालकांनी हातात तलवार कधी द्यायची नाही, कोयता मात्र रोज द्यायचा, अशी ही व्यवस्था होती.

ऑगस्ट १७९१

बंडाच्या आधीही पळून डोंगरात राहणारे गुलाम होते. माकंदाल नावाच्या अशाच एका पुढाऱ्याने मळ्यामळ्यांतून विषप्रयोगाचे जाळे उभारल्याचा आरोप ठेवून फ्रेंचांनी त्याला १७५८ साली जाळून मारले. लोक म्हणाले, तो मेला नाही, माशी होऊन उडून गेला.

१७९१ च्या ऑगस्टच्या मध्यावर उत्तरेकडच्या ब्वा काइमान नावाच्या रानात गुलामांचे म्होरके जमले. परंपरा सांगते की बुकमन हा पुढारी आणि सेसिल फातिमान ही पुजारीण यांनी तिथे डुकराचा बळी देऊन शपथविधी केला. आठवडाभरात, २२ ऑगस्टच्या रात्री, उत्तरेचे मैदान पेटले. काही आठवड्यांत शेकडो मळे राख झाले. बुकमन त्याच वर्षी मारला गेला. बंड मात्र थांबले नाही.

पुढच्या काळातला सर्वांत मोठा नेता तुसँ लुव्हेर्त्यूर. ब्रेदा नावाच्या मळ्यावर तो गुलाम म्हणून जन्मला, घोड्यांची निगा राखत मोठा झाला आणि बंडाच्या आधीच मुक्त झालेला होता. त्याला लिहितावाचता येत होते. स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंड या तिन्ही सत्तांच्या भांडणाचा फायदा घेत त्याने शिस्तबद्ध फौज उभी केली. १७९३ साली वसाहतीतल्या फ्रेंच आयुक्तांनी गुलामगिरी संपल्याचे जाहीर केले आणि ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या क्रांतिकारी संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. ही घोषणा गुलामांना कोणी दान दिली नव्हती. बंडाशिवाय ती झालीच नसती.

तुसँने १८०१ साली वसाहतीला स्वतःची राज्यघटना दिली. तीत गुलामगिरी कायमची रद्द होती, पण शेतमजुराला मळा सोडून जाण्याची मुभाही नव्हती. साखरेवाचून तिजोरी चालेना आणि सक्तीवाचून साखर होईना, या पेचातून तुसँसारखा नेताही सुटला नाही. ज्यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला त्यांतले अनेक जण या सक्तीमुळे त्याच्यावर नाराज झाले.

नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस आपला मेहुणा लक्लेर याला प्रचंड आरमार देऊन पाठवले. तुसँला बोलण्यांच्या मिषाने पकडून फ्रान्सला नेले आणि ज्यूरा पर्वतातल्या थंड किल्ल्यात कोंडले. ७ एप्रिल १८०३ रोजी तो तिथे मेला. पण गुलामगिरी परत येणार हे कळताच सारे बेट पुन्हा उठले. पीतज्वराने फ्रेंच सैन्याची दाणादाण उडवली, लक्लेर स्वतः त्यात गेला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तियेरच्या लढाईत तुसँचा सेनापती देसालीन याच्या फौजेने अखेरचा विजय मिळवला. जुन्या ताइनो नावाने, हैती म्हणून, नवा देश उभा राहिला. १८०५ च्या घटनेने सर्व नागरिकांना रंग न बघता ‘काळे’ ठरवले. फ्रेंचांची बाजू सोडून बंडवाल्यांना मिळालेल्या पोलिश सैनिकांनाही त्यात नागरिकत्व मिळाले.

स्वातंत्र्याचा दंड

गुलामांचे राज्य जगाला परवडणारे नव्हते. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती १८६२ साली, म्हणजे स्वतःच्या यादवी युद्धात. फ्रान्सने तर १८२५ साली युद्धनौका पाठवून मागणी केली, की मान्यता हवी असेल तर जुन्या मळेवाल्यांच्या नुकसानीचे १५ कोटी फ्रँक भरा. त्या नुकसानीत गुलामांची किंमतही धरलेली होती. म्हणजे माणसांनी स्वतःचीच किंमत दुसऱ्यांदा चुकती करायची. १८३८ साली एकूण रक्कम ९ कोटींवर आली, पण पहिला हप्ता भरण्यासाठीच फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावे लागले होते. या दंडापोटी काढलेल्या कर्जांची शेवटची फेड झाली १९४७ साली. शाळा, रस्ते, बंदरे यांवर जायचा पैसा सव्वाशे वर्षे व्याजात गेला. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्याने देशच ताब्यात घेतला. आजच्या हैतीची गरिबी सांगताना हा हिशोब सोडून देणे म्हणजे सावकाराचे नाव गाळून कुळाला आळशी ठरवणे.

दख्खनचा गुलाम

आता मलिक अंबरकडे येऊ. त्याचा जन्म १५४८ च्या सुमाराचा. लाल समुद्र आणि अरबी समुद्रावरचा गुलामांचा व्यापार अटलांटिक व्यापाराहून कितीतरी जुना होता. त्या व्यापाराचा गिऱ्हाईक मळेवाला नसून बहुधा सुलतान, सरदार किंवा श्रीमंत व्यापारी असे, आणि त्याला गुलाम हवा असे तो पहाऱ्याला, घोड्यावर, जहाजावर किंवा जनानखान्याच्या दाराशी. माळव्याचा सुलतान घियासशाह याच्या पदरी पाचशे हबशी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी, स्त्रियांचे सशस्त्र पथक होते, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. बंगालमध्ये तर १४८७ साली हबशी शरीररक्षकांनी गादीच बळकावली आणि सहा-सात वर्षे राज्य केले.

अंबर हातोहात विकला जात बगदादला पोहोचला. तिथल्या मीर कासीम नावाच्या धन्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःच हबशी होता आणि पूर्वी गुलाम होता. १५७० च्या दशकात तो वारला आणि अंबर मोकळा झाला. थोड्या स्वारांनिशी विजापूरकडे चाकरी, मग परत अहमदनगर, असा त्याचा प्रवास झाला. १६०० साली चांदबिबीचा खून झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरले. अंबरने परांड्याला मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून ती पुन्हा उभी केली.

त्यानंतरची पंचवीस वर्षे दख्खनचा खरा कारभारी तोच होता. खडकी हे गाव वसवून त्याने राजधानी केली, तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत पुढे दख्खनच्या महसुलात दीर्घकाळ टिकली. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहिले आहे. त्या दख्खन्यांत मोठा भरणा मराठ्यांचा. समोरासमोर न लढता रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, घाटात गाठायचे, ही युद्धपद्धत त्याने मराठा स्वारांच्या बळावर उभी केली. १६२४ साली नगरजवळ भातवडीला त्याने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे पडले. शिवाजी महाराजांच्या वडिलांची उमेदवारी एका मुक्त हबशी गुलामाच्या झेंड्याखाली झाली, ही गोष्ट आपण वाचतो आणि पुढे जातो. १६२६ साली अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्द्यांची, म्हणजे तिथल्या हबशी सरदारांची, कहाणी याच वाटेने जाते. निजामशाहीच्या चाकरीत बेटावरचा किल्ला त्यांच्या हाती आला आणि मग आदिलशाही, मोगल, इंग्रज अशा सत्ता बदलत गेल्या तरी तो त्यांनी सोडला नाही. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी समुद्रात भर टाकून पोहोचण्याचा प्रयत्न केला, पण जंजिरा पडला नाही. हे संस्थान संपले ते १९४८ साली, भारतात विलीन होऊन.

मग दख्खनच्या हबशांनी बंड का केले नाही? मालक दयाळू होते म्हणून नव्हे. त्यांच्या हातात तलवार आधीच होती आणि दरबारात वर चढायला जिना होता. ज्याला वर जाता येते तो घर जाळत नाही, घराचा ताबा घेतो. अंबरनेही पुढे स्वतःच्या पहाऱ्यासाठी हबशी गुलाम विकत घेतलेच. बंगालच्या हबशांनी गादी घेतली, गुलामगिरी काही संपवली नाही. सँ-दोमिंगच्या ऊसतोड्याला जिनाच नव्हता. त्याला सुटायचे तर सगळ्यांना सोबत घेऊनच सुटावे लागणार होते. म्हणून दख्खनमध्ये माणसे मोठी झाली आणि हैतीत गुलामगिरी मोडली.

घाटावर गेलेले

तिसरी वाट गोव्याची. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून आणलेले आफ्रिकी गुलाम गोव्याच्या घरांतून, जहाजांवर आणि पालख्यांच्या दांड्यांखाली राबत. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर चालणारा गुलामांचा बाजार वर्णिला आहे. इथे मळ्यांसारखी हजारोंची वस्ती एका जागी नव्हती, की दरबारासारखा जिना नव्हता. घराघरांत विखुरलेल्या गुलामाला एकच गोष्ट सोयीची होती, ती म्हणजे पूर्वेला दिसणारा सह्याद्री.

पळालेल्यांपैकी अनेकांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड, जोयडा या भागांत आणि बेळगावच्या खानापूर तालुक्यात राहतात. त्यांनाही सिद्दी म्हणतात. त्यांची घरची बोली कोंकणीची, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. जुन्या साड्या-कपड्यांचे तुकडे जोडून त्यांच्या बायका कवंडी शिवतात, ती आपल्या गोधडीची बहीणच. रानात सुटका मिळाली, जमीन मिळाली नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी हव्यक बागायतदारांच्या सुपारीच्या बागांत मजुरी केली. २००३ साली उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, नंतर २०२० साली बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींनाही. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले. तिथवर पोहोचलेले ते पहिले सिद्दी.

गुलामगिरी फक्त परक्यांची होती असा समज करून घेऊ नये. शिवाजी महाराजांनी १६७७ साली दक्षिणेत डचांना दिलेल्या कौलात स्त्री-पुरुष गुलामांची खरेदी आणि निर्यात बंद करण्याची अट घातली, हे त्या काळात विरळा होते. पण पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, पळाल्या तर शोधून आणल्या जात. पेशवे दप्तराचे कागद त्याची साक्ष देतात. कंपनी सरकारने १८४३ साली गुलामीला असलेली कायदेशीर मान्यता काढून घेतली. पोर्तुगीज वसाहतींत ती शेवटी संपायला १८७० चे दशक उजाडले.

देव बरोबर आले

गुलामाच्या अंगावरचे कपडे, नाव, भाषा, नातीगोती सारे काढून घेता येते. देव काढून घेता आले नाहीत. हैतीत व्होदूची परंपरा उभी राहिली ती दाहोमी, कोंगो, योरुबा अशा निरनिराळ्या लोकांचे देव एका मांडवात आल्यामुळे. फ्रेंच राजाच्या १६८५ च्या गुलामविषयक कायद्याने सर्वांना कॅथलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला. गुलामांनी संत स्वीकारले आणि त्यांच्या तसबिरींआड आपले देव ठेवले. सापांना हाकलणारा संत पॅट्रिक म्हणजे नागदेव दांबाला. घोड्यावरचा तलवारधारी संत जेम्स म्हणजे लोहार आणि योद्ध्यांचा ओगू.

या देवतांना ल्वा म्हणतात. परमेश्वर एकच, पण तो दूर आहे. रोजच्या सुखदुःखात धावून येतात ते ल्वा. पूजेच्या सुरुवातीला लेग्बाला विनवायचे, कारण दोन लोकांमधला दरवाजा तो उघडतो. पुजारी हुंगान किंवा पुजारीण मांबो जमिनीवर मक्याच्या पिठाने त्या त्या देवतेची आकृती रेखते. ढोल घुमू लागतात, आणि भक्तांपैकी कोणाच्या तरी अंगात ल्वा येतो. मग तो बोलतो, जाब विचारतो, उपाय सांगतो, बाळाला आशीर्वाद देतो. जेजुरीला किंवा गावच्या जत्रेत वारे आलेले ज्याने पाहिले आहे, त्याला यात भीतीचे काही वाटू नये. व्होदूची टाचण्या टोचलेल्या बाहुल्या आणि चालती प्रेते अशी जी ओळख जगाला झाली, ती बरीचशी अमेरिकी ताब्याच्या काळातल्या सनसनाटी पुस्तकांनी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांनी करून दिलेली आहे. ज्या काळ्या लोकांनी गोऱ्या सैन्याला हरवले, त्यांचा धर्म सैतानी ठरवणे सोयीचे होते. हैतीच्या सुशिक्षितांनाही त्याची लाज वाटत होती. ज्याँ प्राइस-मार्स या हैतीयन अभ्यासकाने १९२८ साली पुस्तक लिहून आपल्या शेतकऱ्यांच्या श्रद्धांकडे सन्मानाने बघायला शिकवले. तरी १९४१-४२ मध्ये चर्चने मोहीम काढून देवळांतले ढोल आणि पूजासाहित्य जाळलेच. व्होदूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती २००३ साली.

आता आपल्याकडे पाहा. भरूचजवळ रतनपूरला अकीकच्या खाणींच्या डोंगरावर बावा गोरचा दर्गा आहे. बावा गोर हा आफ्रिकेतून आलेला संत, माई मिस्रा त्याची बहीण. त्यांच्या उरुसात सिद्दी फकीर ढोलाच्या ठेक्यावर धमाल नावाचा नाच करतात आणि काहींना हाल येतो, म्हणजे त्यांचे भान हरपते. उत्तर कन्नडमधले सिद्दी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, घरात नारळ मांडून हिरियारूंना, म्हणजे आपल्या वाडवडिलांना पुजतात. यल्लापूर तालुक्यात सातुंबैलला सिद्दीनासचे स्थान आहे, तिथल्या वार्षिक उत्सवाला दूरदूरचे सिद्दी येतात. दमाम या ढोलावर त्यांचे दमामी नृत्य चालते. हैतीतला भक्त कॅथलिक संतापुढे उभा असतो, रतनपूरचा सुफी पिरापुढे, यल्लापूरचा नारळापुढे. ज्या धर्माच्या मुलखात आले त्या धर्माचे घर त्यांनी घेतले, आणि आत पूर्वज आणि ढोल आपले बसवले. हैतीत याच देवांनी वेगवेगळ्या जमातींना एक केले, म्हणून ब्वा काइमानच्या शपथेला बंडाच्या कथेत एवढे मोठे स्थान आहे.

स्वयंपाकातही ही आठवण आहे. लाल भोपळ्याचे सूप गुलाम शिजवत पण त्यांना ते खायला मिळत नसे, असे हैतीचे लोक सांगतात. म्हणून १ जानेवारीला, स्वातंत्र्यदिनी, हैतीच्या घराघरांत तेच सूप होते. २०२१ साली युनेस्कोने ते मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

नाशिक, पुणे आणि १८७३

या सगळ्या कहाणीचा एक धागा थेट नाशिकला येतो. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत असे. सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर वसवले. तिथे मुले लिहायला आणि सुतारकाम, लोहारकाम करायला शिकली. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतल्या अखेरच्या प्रवासात नाशिकची ही मुले होती. १ मे १८७३ रोजी तो मेला, तेव्हा सोबत्यांनी त्याचे शव सुकवून शेकडो मैल चालत किनाऱ्याला आणले. त्यांतला जेकब वेनराइट नाशिकचा विद्यार्थी. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टनला पुरले, त्या वेळी तो तिथे हजर होता. पुढे शरणपूरमधल्या अनेकांना मोंबासाजवळ फ्रेरटाऊन या मुक्त गुलामांच्या वस्तीत पाठवण्यात आले. त्या वस्तीला नाव मिळाले मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचे.

त्याच १८७३ साली झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला, आणि त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अमेरिकेत काळ्यांची गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा, अशी इच्छा व्यक्त केली. समुद्रापलीकडच्या काळ्या गुलामाचा आणि इथल्या शूद्र-अतिशूद्राचा प्रश्न एकाच तराजूत मांडणारा त्या काळात दुसरा मराठी लेखक दिसत नाही.

मलिक अंबरची थोरवी आपण सांगतो तेव्हा बहुधा ती आपल्या समाजाच्या उदारपणाचा दाखला म्हणून सांगतो. ते खरे नाही. एका गुलामाला वजीर होता आले म्हणून बाजार बंद झाला नाही, त्या बाजारात नंतरची दोन-अडीचशे वर्षे माणसे विकली जात राहिली. बाजार बंद पडतो तो गुलामांनी तो चालवणे अशक्य केले की. हैतीने ते करून दाखवले, आणि त्याची किंमत १९४७ पर्यंत हप्त्याने भरली. गुलामगिरीच्या इतिहासात हैतीचे नाव पहिल्या पानावर असायला हवे, आणि मराठी पाठ्यपुस्तकात मलिक अंबरशेजारी खानापूरच्या सिद्दींनाही चार ओळी मिळायला हव्यात.